दिव्याची पेटी

आमदार सेतुरामरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सत्तावन्न सालची निवडणूक, कुंभकोणमच्या एका शाळेत मोजणी, आणि प्रतिस्पर्धी राजगोपाल साठ मतांनी पुढं! तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, वर ज्याचं त्याचं चित्र. राजगोपालची सायकल, सेतुरामरावांचा दिवा. पडद्याआड जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा, झालं.

आता एकच केंद्र उरलं होतं. खुद्द त्यांच्या गल्लीचं.

"घरचीच मतं. जातात कुठं?" ते शेजारी बसलेल्या त्यागराजाला, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधीला म्हणाले. म्हणाले खरे, पण उपरण्याचं टोक चुरगाळून चुरगाळून पार चिंधी करून टाकलं होतं त्यांनी.

पेटी उघडली. साठाचे चाळीस झाले, चाळिसाचे वीस. त्यागराज खुर्चीतून अर्धा उठला. विसाचे नऊ झाले आणि पेटी रिकामी!

अधिकाऱ्यानं मग एक लाखबंद पाकीट फोडलं. "सतरा मतपत्रिका. पेटीबाहेर सापडल्या. बाद."

"बाहेर म्हणजे कुठं?" सेतुरामराव ओरडलेच.

"दिव्याच्या पेटीवर ठेवलेल्या होत्या."

कागदांना हळदकुंकू लागलेलं होतं. एकावर तर जाईचं सुकलेलं फूल चिकटलेलं. त्यागराज टेबलावर हात आपटून भांडला, पण नियम तो नियम. नऊ मतांनी सेतुरामराव पडले. सतरा मतं समोर दिसताहेत आणि मोजायची नाहीत, अशी चीड आली म्हणता!

तावातावानं ते घरी आले. ओसरीवर आई, नागलक्ष्मीबाई, आणि गल्लीतल्या बायका वाट पाहत बसलेल्या.

"काय झालें रे?"

"मत कुठं ठेवलंस तू, अम्मा?"

"पेटीवर. दिव्यापुढें. दिवा म्हणजे देवच. देवाला वाहायचा कागद काय अंधाऱ्या भोकांत टाकायचा? शिवाय साऱ्या गांवचे हात लागलेली ती फट! गेल्या खेपेसही असेंच केलें आम्ही. आलास नव्हे निवडून?"

गेल्या खेपेस ते आठ हजारांनी आले होते. सतरा मतांची चौकशी कोण करतो?

"ती मतं मोजत नाहीत, अम्मा. तेव्हाही नाही, आजही नाही. नऊ मतांनी पडलो मी."

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मींच बुडवलें कां रे तुज?"

सेतुरामरावांच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण त्यांना इन्नंबूर आठवलं, नाचियारकोविल आठवलं. बिस्किटाचा रिकामा डबा घेऊन ते गावोगाव फिरले होते. मत आत कसं टाकायचं ते परक्या बायकांना दहादा दाखवलं होतं. ह्या ओसरीवर मात्र डबा एकदाही उघडला नव्हता. लाज वाटली त्यांना, अगदी मनापासून.

"नाही," ते म्हणाले. "मीच कधी सांगितलं नाही तुम्हांला."

नागलक्ष्मीबाईंनी पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"मग बैस इथें. आतां पांच वर्षें रिकामाच आहेस. शिकव."