पहिल्या रांगेतला सभासद

पक्षाने चौकशीसाठी भीमराजांना निवडले ते निःपक्षपाती म्हणून नव्हे, निरुपद्रवी म्हणून. हुमनाबादच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी चाळीस वर्षांच्या सभासदत्वात एकदाही तिकीट मागितले नव्हते. अशा माणसाचा अहवाल सुवाच्य असतो आणि कपाटात निमूट राहतो.

प्रकरण साधे होते. निर्णा या गावी पक्षाची सभा होती. तालुकाध्यक्ष संगमेश्वर यांच्या पाहुण्यांच्या घरी त्या सकाळी नळाला पाणी आले नव्हते. त्यांनी पाणी सोडणाऱ्या ईरण्णाला व्यासपीठासमोर बोलावून दोनशे लोकांदेखत कान धरून वीस उठाबशा काढायला लावल्या. मग लोकशाहीवर भाषण केले. ईरण्णा ठाण्यात गेला तेव्हा साक्षीदार आणायला सांगण्यात आले. दोनशेंपैकी कोणालाच काही दिसले नव्हते.

भीमराज वही घेऊन ईरण्णाच्या घरी गेले.

“तिथं कोण कोण होतं?”

“कामून इचारायलाव, सर?” ईरण्णा हसला. “तुमी पहिल्या रांगेतच व्हताव की. मी उठाबशा काढायलो, तुमी चष्मा पुसायला लागलाव.”

“सर चांगले हायत,” त्याची बायको मल्लम्मा आतून म्हणाली. “चांगल्या मान्साला दिसतंयच कमी.”

भीमराजांनी वही मिटली. “तुला काय हवंय, ईरण्णा?”

“माझी लेक तितंच उभी व्हती. आठ दिस झालं, माझ्याकडं बघंना. जे झालं ते झालं, असं कुनीतरी कागदावर लिवून द्यावं.”

पक्षाच्या घटनेत शिस्तीचे एक कलम होते : गैरवर्तन डोळ्यांदेखत होऊ देणारा सभासदही दोषी. ते वीस वर्षांपूर्वी भीमराजांनीच लिहिले होते, आणि कोणी वाचत नसल्यामुळे टिकून राहिले होते. अहवालात त्यांनी दोन दोषी नोंदवले. पहिले नाव संगमेश्वरांचे, दुसरे स्वतःचे.

“सर, स्वतःचं नाव कामून घातलाव?” संगमेश्वरांचा फोन आला. “दोनी नावं काढून टाका. पंचायतीची निवडणूक तोंडावर आलीया.”

“अहवाल गेला, अण्णा.”

पक्ष इतक्या तत्परतेने कधीच हलला नव्हता. नवव्या दिवशी बेंगळुरूच्या प्रदेश कार्यालयातून पत्र आले : भीमराज सहा वर्षांसाठी निलंबित, संगमेश्वर यांचा विषय विचाराधीन. जो कबूल करतो त्याला शिक्षा देणे सोपे असते.

भीमराजांनी ते पत्र परीक्षकाच्या नजरेने पुन्हा वाचले. निलंबनाला कारण द्यावे लागते. कारण असे दिले होते : ‘तालुकाध्यक्ष संगमेश्वर यांनी ईरण्णा यांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या असता आपण हजर असूनही त्यांना रोखले नाही.’ खाली सरचिटणीसांची सही, पक्षाचा शिक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ईरण्णाला घेऊन ठाण्यात गेले.

फौजदारांनी पत्र दोनदा वाचले. “हे तर तुमच्याविरुद्ध आहे, सर.”

“होय. साक्षीदारही मीच. माझा जबाब घ्या.”

मग फौजदारांनी लेखनिकाला हाक मारली आणि ईरण्णाला खुर्ची दाखवली. दुपारी गुन्हा नोंदला गेला.

“ईरण्णा, त्यांना माफी मागायला आम्ही लावू शकत नाही,” फौजदार म्हणाले. “पुढचं कोर्टात.”

“माफी ऱ्हाऊ द्या. ह्याची एक प्रत द्या मला.”

“वाचता येतं का?”

“न्हाई,” ईरण्णा म्हणाला. “लेक वाचून दावंल.”