पहिल्या खोबणीतला व्हॉल्व्ह

स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या गिऱ्हाइकाकडून व्हॉल्व्ह परत आला, तेव्हा ग्लेंडा हेपवर्थला आधी राग आला तो पोस्टवाल्यांचा. खोक्याचा एक कोपरा चेपला होता. आदळलं असणार कुठेतरी, तिला वाटलं. पण गिऱ्हाइकाची तक्रार वेगळीच होती. सूर छान आहे, पण मागे सारखी मासे तळल्यासारखी चुरचुर ऐकू येते, असं त्याचं म्हणणं होतं.

ग्लेंडाच्या हातून गेलेला व्हॉल्व्ह सहसा परत येत नसे. इंग्लंडातल्या हॅलिफॅक्समधल्या त्यांच्या घरामागे शेड होती आणि त्या शेडमध्ये बसून ती गिटारच्या अँपचे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीचे, व्हॉल्व्ह तपासून, निवडून विकायची. बोटाएवढ्या काचेच्या नळ्या. दिसायला सगळ्या सारख्या, पण एखादी मुकाट, एखादी कुरकुरी, एखादी पेन्सिलने टिचकी मारली की घंटेसारखी वाजणारी. अँपच्या पहिल्या खोबणीत बसतो तो व्हॉल्व्ह सगळ्यांत शांत लागतो. तिथली जराशी खरखर पुढे वाढत वाढत जाते आणि कर्ण्यातून बाहेर पडेपर्यंत तिचा गोंगाट होतो. मीटरचं काम ग्लेंडाचं आणि शेवटचं ऐकणं तिच्या नवऱ्याचं, डेसचं. तो गिटारवाला. बस डेपोतल्या नोकरीत असल्यापासून बँडमध्ये वाजवणारा. त्याने मान हलवली की माल पाकिटात जायचा.

त्या दिवशी तिने काही न बोलता तोच परत आलेला व्हॉल्व्ह पुन्हा बसवला आणि डेसला हाक मारली. तो चहाचा मग घेऊनच आला. गिटार गळ्यात अडकवली, एक सूर छेडला, तो विरेपर्यंत थांबला.

"एकदम शांत. पहिल्या खोबणीत बिनधास्त जाऊ दे."

कर्ण्यातून चुरचुर येत होती. ग्लेंडाला ती दारापाशी उभं राहूनही ऐकू येत होती.

"पुन्हा एकदा ऐक ना."

"अगं ऐकलं की. तुला काय सोमवारी सकाळी शंका काढायच्या असतात?"

तो चहा प्यायला लागला. ग्लेंडाने अँप बंद केला. चुरचुर थांबली. डेसच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

तिने मिनतवाऱ्या करून त्याला कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण बाईने त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरची रेघ दाखवली. वरच्या पट्टीकडे ती रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं सांभाळता येईल, ती म्हणाली. वाजवताना कानात बोळे घाला, आवाज कमी ठेवा. कानात शिट्टी वाजते का, असं तिने विचारल्यावर डेस म्हणाला, "कधी कधी." ग्लेंडाला हे ठाऊकच नव्हतं.

"बोळे घालून वाजवायचं?" बसस्टॉपवर तो म्हणाला. "म्हणजे मोजे घालून आंघोळ करण्यातलाच प्रकार."

"डेस, कान गेले तर वाजवशील कशाने?"

"गेले तर बघू."

आणि तो आधीपेक्षा मोठ्याने वाजवायला लागला. दर रविवारी दुपारी क्लबमध्ये त्यांचा कार्यक्रम असायचा. माणसं जेवणाआधी बिअर घ्यायला यायची, म्हाताऱ्या कोपऱ्यात तंबोला खेळायच्या. बँडमधला बास वाजवणारा माल्कम हा डेसचा शाळेपासूनचा मित्र. तो म्हणायचा, "डेसच्या अँपपुढे उभं राहिलं की माझे केस आपोआप वाळतात." सगळे हसायचे. पण गाणारी पॉलीन हसत नसे. एका रविवारी तिने ग्लेंडाला गाठून सांगितलं, "मला माझाच आवाज ऐकू येत नाही गं. तू तरी बोल त्याच्याशी."

ग्लेंडा बोलली. गोडीत बोलली, चिडून बोलली, एकदा रडलीही. डेस दर वेळी हो म्हणायचा आणि रविवारी बटण पुन्हा तिथेच नेऊन ठेवायचा.

तेव्हा तिने ते केलं. डेसच्या अँपमध्ये पहिल्या खोबणीत त्र्याऐंशी नंबरचा व्हॉल्व्ह होता, सगळ्यांत जोरकस. त्याच खोबणीत एक्क्याऐंशी बसतो, तो मध्यम. ब्याऐंशीही बसतो, पण तो फारच मवाळ. डेस दुकानात गेला होता तेव्हा तिने त्र्याऐंशी काढून एक्क्याऐंशी घातला आणि वर पत्र्याची टोपी बसवून टाकली. रविवारी डेसने बटण आणखी थोडं फिरवलं, आणि सगळं होतं तसं झालं. पुढच्या आठवड्यात तिने ब्याऐंशी घातला. काचेवरचा नंबर बोटाने चोळून पुसला. जुन्या मालाची शाई अशीही लगेच जाते.

त्या रविवारी पॉलीनचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेस मात्र गाण्याच्या मधेच बटणं चाचपत होता. पूर्वी एक सूर धरला की तो गायीच्या हंबरण्यासारखा लांबत जायचा. आता तो उठायचा आणि लगेच बसायचा.

घरी आल्यावर तो म्हणाला, "पहिला व्हॉल्व्ह बघ बरं जरा. मला तो गेलेला वाटतोय."

ग्लेंडाने तो त्याच्यासमोरच काढला आणि तपासणीच्या यंत्रात लावला. कोणत्या नंबरचा व्हॉल्व्ह तपासायचा ते ठरवणारा यंत्राचा खटका तिने ब्याऐंशीवर ठेवला होता. डेस तिच्या शेजारीच उभा होता, पण त्याने खटक्याकडे पाहिलं नाही. बायकोच्या कामात तो कधी डोकावत नसे. काटा सरळ हिरव्या पट्ट्यात गेला.

"चांगला आहे," ती म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं. डेस काट्याकडे बघत राहिला. मग त्याने आपला डावा हात वर केला, बोटं उघडली, मिटली.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण तिच्या मनात आलं, चार दिवस वाईट वाटेल, मग कमी आवाजाची सवय होईल, कान तरी वाचतील. तिने व्हॉल्व्ह परत खोबणीत बसवला.

सवय झाली नाही. डेस रोज सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसायला लागला. दिवाणखान्यात तेच ते सूर घोटायचा आणि जोरात दाबून दाबून बोटांची टोकं सोलून घ्यायचा. डॉक्टरकडे जाऊन त्याने मनगट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. घरी येऊन तो म्हणाला, "वयाच्या मानाने म्हणे." त्याचे वडील शेवटी शेवटी चमचासुद्धा धरू शकत नसत. तेच त्याच्या डोक्यात घोळतंय हे ग्लेंडाला दिसत होतं. ती त्याच्या ताटात मटाराची आमटी वाढायची आणि त्याच्या हाताकडे बघणं टाळायची.

एका शुक्रवारी ती मासे आणायला गेली, तर दुकानाच्या रांगेत माल्कम भेटला. नेहमीसारखी थट्टा न करता त्याने तिला बाजूला घेतलं.

"त्याने तुला सांगितलं का?"

"काय?"

"मला म्हणाला, 'माझ्याजागी दुसरा गिटारवाला बघ.' हात राहिला नाही म्हणे. गिटार पण विकून टाकणार आहे. ग्लेंडा, मी चाळीस वर्षं त्याच्या शेजारी उभा राहतोय. त्याच्या हाताला काहीही झालेलं नाही. पण आवाज निघत नाही एवढं खरं. काय भानगड आहे काही कळत नाही."

ग्लेंडा रांगेतून बाहेर पडली. मासे तिने घेतलेच नाहीत. चढाच्या रस्त्याने घरी येताना तिला एक सोपी वाट दिसत होती. गुपचूप त्र्याऐंशी परत घालायचा. डेसचा हात एका रात्रीत बरा होईल. तो खूश होईल आणि वर्षभरात बहिरा होईल. पण त्याला हात बुडवून बसलेलं आणखी एक सकाळही तिला बघवणार नव्हतं. फाटकापाशी ती थोडा वेळ कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग आत गेली.

डेस दिवाणखान्यात गिटारच्या तारा काढत होता. विकायला न्यायची म्हणून पुसत होता.

"ते ठेव खाली," ती म्हणाली. "तुझा हात चांगला आहे. मी पहिल्या खोबणीतला व्हॉल्व्ह बदलला होता. ब्याऐंशी आहे तिथे."

त्याला नीट ऐकू आलं नाही की काय, म्हणून ती समोर जाऊन पुन्हा बोलली. डेसने फडकं बाजूला ठेवलं. उठून अँपच्या मागे गेला, पत्र्याची टोपी काढली, व्हॉल्व्ह उपसून खिडकीपाशी धरला. पुसलेल्या काचेवरून अंगठा फिरवला.

"कधीपासून?"

तिने सांगितलं.

"आणि त्या दिवशी यंत्रावर?"

"खटका ब्याऐंशीवर होता."

"मी रोज पाण्यात हात घालून बसत होतो, ग्लेंडा. तू पाणी तापवून देत होतीस."

"तुझ्या कानांसाठी केलं रे. तू ऐकतच नव्हतास."

"ओरडायचंस. अँप पायऱ्यांवरून ढकलून द्यायचास. मी भांडलो असतो तुझ्याशी. पण मला माझ्याच हाताची भीती घातलीस तू." त्याचा आवाज चढला नव्हता. तिला तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रविवारी त्याने शेडमधून स्वतः एक त्र्याऐंशी शोधून घातला आणि क्लबमध्ये असं वाजवलं की म्हाताऱ्यांनी तंबोला थांबवला. माल्कम मागे वळून वळून हसत होता. पॉलीन तिसऱ्या गाण्यानंतर मंचावरून उतरली ती परत आलीच नाही. ग्लेंडा कोटासकट शेवटच्या टेबलाशी बसली होती. तो एकेक सूर धरून ठेवत होता आणि तिच्याकडे एकदाही बघत नव्हता. खरं सांगायचं तर त्याने इतकं सुंदर कधीच वाजवलं नव्हतं.

सोमवारी किटलीने शिट्टी दिली आणि देत राहिली. डेस तिच्यासमोरच बसला होता. ग्लेंडाने धावत येऊन गॅस बंद केला तरी तो कपाळ धरून बसून होता. "बंद कर ना ती," तो म्हणाला.

"बंद केली, डेस."

त्याने किटलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याच्या कानातली शिट्टी पुढे कितीतरी दिवस उतरली नाही. तो अंथरुणात उठून बसायचा आणि रेडिओ लावायचा, म्हणजे त्या शिट्टीवर काहीतरी आवाज चढेल. ग्लेंडा जागीच असायची.

शेवटी एका दुपारी तो शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"तिन्ही काढ. नंबर दिसतील असे."

तिने टेबलावर तीन व्हॉल्व्ह मांडले. त्याने नंबर वाचले, आपल्या हाताने एक्क्याऐंशी उचलला, बसवला, वाजवला. बटण निम्म्यावर ठेवलं. सूर पूर्वीसारखा लांबला नाही, पण लगेच मेलाही नाही.

"चुरचुरतोय का?" त्याने विचारलं.

ग्लेंडाने कान दिला. अगदी बारीक आवाज होता. "थोडा," ती म्हणाली.

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि तिला कळलं की तिचं खरं मानावं की नाही हे तो ठरवतोय. एवढ्या वर्षांत तशी पाळी कधी आली नव्हती.

"दुसरा दे," तो अखेर म्हणाला. आणि मग, "गिऱ्हाइकांचा माल मात्र यापुढे तूच ऐक. माझ्या कानावर पाठवू नकोस."

"बरं."

"पॉलीनला फोन केला होता. येते म्हणाली. गुरुवारी दवाखान्यात जातोय. बोळ्यांसाठी कानाचं माप घेणार आहेत."

"मी येऊ बरोबर?"

डेसने दुसरा व्हॉल्व्ह उजेडात धरून नंबर वाचला. "कुठली बस घ्यायची ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि गिटारचा पट्टा नीट करायला लागला.