हलू नकोस, लाइट लावतो

त्या घरात काहीही सांडलं, अडकलं, तुटलं किंवा बिघडलं, तर पहिला नियम असा होता, की जो जिथं आहे त्यानं तिथंच थांबायचं. आतल्या खोलीतून फोटोग्राफरचा आवाज यायचा, "हलू नकोस, लाइट लावतो," आणि मागोमाग स्टँड, लाइटची छत्री, धुराचं मशीन असा सगळा लवाजमा दुर्घटनेच्या जागी दाखल व्हायचा. तोवर सांडलेलं पुसायची कुणाची टाप नव्हती.

मूळचा त्याचा धंदा पासपोर्ट फोटोंचा. मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका. लोकांना हसू नका म्हणण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. पुढे लोक आपापल्या फोनवरच न हसता फोटो काढायला लागले आणि त्याच्यावर माशा मारायची वेळ आली. अशाच एका रिकाम्या दुपारी त्याचं बिस्किट चहात तुटलं. त्यानं कपाच्या बाजूनं निळा उजेड दिला, मागं थोडा धूर सोडला आणि भर समुद्रात जहाज बुडावं तसं ते बिस्किट बुडताना टिपलं. फोटो इतका गाजला, की एका विमा कंपनीनं 'रोजची संकटं' अशा नावाचं अख्खं कॅलेंडरच त्याच्याकडे मागितलं.

त्याची अट एकच होती. संकट खरं पाहिजे. मुद्दाम सांडलेलं दूध दुधासारखं सांडत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे संकटांचा पुरवठा घरातूनच व्हायचा, आणि घरात त्याच्याखेरीज माणसं दोनच. आई आणि बायको.

जानेवारीला आई होती. हातात न उघडणारी बरणी, पाठीमागून जगाच्या अंताला शोभेल असा लालभडक प्रकाश. "पाय दुखेपर्यंत उभं केलं मला," आई शेजारणीला सांगायची. "वर म्हणतो, आई, झाकणाकडे असं बघ, जसं काही ते आपलं कुणी लागत होतं. मला चमचाभर साखर हवी होती हो."

पण कॅलेंडर पेललं ते बायकोनं. कोरड्या मोज्यांनी नेमकी ओल्या फरशीवर उभी असलेली बायको. दोन्ही हातांत पिशव्या आणि किल्ली पर्सच्या तळाशी, अशी बंद दारासमोरची बायको. कंपनीच्या साहेबांनी खास कळवलं, की मॅडमच्या अभिनयात साऱ्या मानवजातीचा थकवा उतरलाय. बायकोनं ते नीट वाचलं. दिवसभर ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकून ती घरी येत होती. यात अभिनय कधी केला, ते काही तिला आठवेना.

आणि मग एका संध्याकाळी तिनं सांगितलं, की ऑफिसनं बढती दिलीय, पण दुसऱ्या गावी. वर्षभर तरी तिकडेच राहावं लागेल. नको म्हटलं तरी चालणार होतं. "सोमवारपर्यंत कळवायचंय," ती म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

ती नसलेलं घर फोटोग्राफरच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं आणि त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. तो म्हणाला, "पण डिसेंबर राहिलाय."

"काय?"

"डिसेंबरचा फोटो. बाकीचे झाले."

"बरं," बायको म्हणाली. सोमवारी तिनं होकार कळवून टाकला.

"गाढवा," आई त्याला म्हणाली, "बायको घर सोडून निघालीय आणि तू तिला महिने कसले सांगतोस?"

"मग काय सांगू?"

"राहा म्हण."

"असं कसं म्हणू? बढती आहे तिची."

"मग जा म्हण. काहीतरी एक म्हण."

तो लेन्स पुसायला लागला. चेहऱ्यावर काही दिसू न देणं हा त्याचा पिढीजात नसला तरी जन्मभराचा धंदा होता.

निघायच्या सकाळी बॅगेची चेन अडकली. अस्तर तिच्या दातांत गेलं होतं. बायको बॅगेवर गुडघा टेकवून चेन ओढत होती, केस कपाळावर आले होते, आणि खिडकीतून असं तिरपं ऊन पडलं होतं, की पैसे देऊन मिळालं नसतं. फोटोग्राफर दारात येऊन थांबला. त्याला काय दिसतंय ते तिलाही दिसलं.

"गाडी येईलच खाली," ती म्हणाली. "तुमचा डिसेंबर काढायचा असेल तर काढून घ्या."

"हलू नकोस," तो म्हणाला. "लाइट लावतो."

त्या दिवशी त्यानं लाइट लावले तसे आयुष्यात कधी लावले नव्हते. स्टँड डावीकडे ठेवला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. छत्री उघडली, मिटली, पुसली, पुन्हा उघडली. आईला पांढरा पुठ्ठा धरायला बोलावलं आणि नको म्हणून परत पाठवलं. खाली हॉर्न वाजला.

"आई, त्या ड्रायव्हरला जरा थांबायला सांग."

"मी का सांगू? जातेय ती तुझी बायको."

तो कॅमेऱ्याला डोळा लावून वाकला तो वाकलेलाच राहिला. बायकोचा गुडघा बॅगेवर आणि हात चेनीवर, जसाच्या तसा. सवयच लागली होती.

"अहो, दाबा की बटण."

"धूर जरा बसू दे."

"धूर सोडलाच कुठं तुम्ही?" ती म्हणाली. मग टेबलाकडे नजर टाकून हळूच म्हणाली, "आणि कॅमेऱ्याचं कार्ड तर इथं पडलंय. मग मघापासून चाललंय काय?"

"तू हलत नव्हतीस," तो कॅमेऱ्यामागून म्हणाला. "तेवढंच."

दारातली आई ड्रायव्हरला थांबवायला खाली गेली.

फोटोग्राफरनं कॅमेरा ठेवला आणि बॅगेपाशी येऊन बसला. चेन थोडी मागं घेतली, दातांत गेलेलं अस्तर नखानं सोडवलं. मग ती एका दमात टोकापर्यंत गेली. इतक्या सहज गेली, की त्याला चेनीचा रागच आला.

"राहा म्हणायचं होतं," तो बॅगेकडे बघत म्हणाला. "सोमवारच्या आत."

"मग म्हणाला का नाहीत?"

"तू राहिली असतीस."

"राहिले असते ना," बायको म्हणाली.

दोघंही बंद बॅगेकडे बघत बसले. ऊन एव्हाना भिंतीवर सरकलं होतं आणि फोटोच्या दृष्टीनं त्यात काही राम उरला नव्हता. बायको उठली, केस सारखे केले.

"रविवारी या तिकडे," ती म्हणाली. "तिथल्या खोलीतला नळ रात्रंदिवस गळतो म्हणे."

खिडकी कुठल्या बाजूला आहे, हा प्रश्न त्याच्या अगदी ओठांवर आला होता. त्यानं तो गिळला.

"पाना घेऊन येतो."

"कितीचा?"

ते काही त्याला माहीत नव्हतं. "विचारतो कुणाला तरी," तो म्हणाला आणि बॅग उचलून जिना उतरायला लागला.