वितू

मुलगी सातव्या महिन्यातच झाली. काचेच्या पेटीत तिला पाहून बाप म्हणाला, "ही तर वीतभरसुद्धा नाही!" तेव्हापासून ती वितू. बाप बेकरीत भट्टीवर कामाला होता. पेटीपाशी उभा राहिला की त्याला रडूही यायचं, हसूही. आईला दोन्ही येत नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. केसाएवढा फरकही तिच्या बोटांना कळायचा. पण नर्सने बाळ छातीवर ठेवलं तेव्हा त्याच बोटांना काहीच कळलं नाही. सगळे डोळे पुसत होते, म्हणून तिनेही पुसले.

वितू घरी आली.

"आई, मला हिच्याकडे बघून काही वाटतच नाही," ती सासूला म्हणाली.

"थकलीस गं. पोर जरा बाळसं धरू दे, मग बघ, खाली ठेवायची नाहीस."

नवऱ्याने तर "असं बोलू नये" म्हणत तिच्या तोंडावर हातच ठेवला. मग तिने बोलणं सोडलं.

एका दुपारी सासू अंघोळीला गेली असताना आईच्या मांडीवर दूध पिता पिता वितूला जोराचा ठसका लागला. ओठ निळे पडू लागले. पालथं घालायचं, पाठ थोपटायची. दवाखान्यात शिकवलेलं आईला सगळं पाठ होतं. हात मात्र हलेनात. 'आता संपेल' एवढंच मनात आलं, आणि त्यात भीतीपेक्षा सुटकाच जास्त होती.

ठसका ऐकून सासू ओल्या केसांनी धावत आली. तिने पोरीला ओढून घेतलं, पालथं घातलं. वितू रडली. सासू सुनेकडे नुसती बघत राहिली.

कुणी बोल लावला नाही. पाळणा तेवढा सासूच्या खोलीत गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिला झोप आली, बाकी काही आलं नाही. ती दुकानात परतली.

"बरं झालं आलात," मालक म्हणाला, "गिऱ्हाईकं तिरळी व्हायची वेळ आली होती!"

ती हसली. तेवढं जमत होतं.

वितू गुबगुबीत झाली, रांगू लागली. आई कामावरून आली की आजीच्या मागे लपायची. एकदा बापाने तिला मुद्दाम आईच्या मांडीवर बसवलं. पोरीने भोकाड पसरलं.

"होईल सवय," तो म्हणाला.

"कुणाला?"

सासूने हात पुढे केले. तिने मुलगी देऊन टाकली आणि भांडी घासायला बसली. आतल्या खोलीत वितू खिदळायला लागली होती.