शेवटच्या रांगेतला माईक

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, व्यासपीठावर फुलांशेजारी मान ताठ करून उभा असतो, तो मी नव्हे. मी खाली माणसांत फिरणारा. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा पडला आहे आणि गळ्याला काळी चिकटपट्टी आहे.

नवा कोरा आलो तेव्हा माझाही रुबाब होता. शिलाईयंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीच्या वार्षिक सभेत मला काम मिळाले. भागधारक, म्हणजे कंपनीचे थोडे थोडे मालक, जे बोलतील ते साहेबांपर्यंत पोचवायचे. पण मला फिरवत पुढच्या दोन रांगांतच. तिथले मोठे मालक साहेबांची तारीफ करायचे, साहेब हसायचे, की झालीच चहाची वेळ.

शेवटच्या रांगेत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी बसत. आपले यंत्र ज्यांनी बनवले त्यांच्यात आपलाही वाटा असावा, म्हणून त्यांनी पोटाला चिमटा काढून दहा शेअर घेतले होते. दारावरचा पहारेकरी चेष्टेने विचारी, "काय मालकीणबाई, कारखान्याला कुलूप लावून आलात ना?" मावशीही कमी नव्हत्या. "लावलं की. किल्ली तुझ्याकडेच दिली होती, हरवलीस का?"

एका वर्षी बातमी आली, की जुन्या यंत्रांचे सुटे भाग कंपनी बंद करणार. मावशींचे यंत्र जुनेच. ते अडले की हात अडले. त्या सभेत त्यांनी हात वर केला तो खाली घेतलाच नाही. शेवटी माईकवाले काका मला त्यांच्याकडे घेऊन गेले. सुई टोचून टोचून खरबरीत झालेली ती बोटे माझ्याभोवती मिटली. त्यांनी श्वास घेतला. मी कान टवकारले. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ खाकरले. जन्मभर गिऱ्हाइकाला आधी बोलू दिलेल्या मावशी सवयीने म्हणाल्या, "आधी तुमचं होऊ द्या."

आणि मी त्यांच्या हातून सुटलो. गृहस्थ गाड्या लावायला जागा नाही यावरच बोलत राहिले. सभा संपली.

वर्षभर मी कपाटात त्या बोटांची वाट पाहिली. पण पुढची सभा संगणकावर भरली, हे मावशींच्या गावीही नव्हते. ठेवणीतले कपडे घालून त्या बंद सभागृहाशी येऊन उभ्या राहिल्या. काकांनी त्यांना समजावून सांगितले. त्या काही हलेनात. मग काकांनी दार उघडले, मला कपाटातून काढून बाहीला पुसले आणि त्यांच्या हाती दिले.

"साहेब," मावशी रिकाम्या व्यासपीठाला म्हणाल्या, "आमची यंत्रं अजून चालतात. सुटे भाग बंद करू नका. दहा शेअरांची का होईना, मालकीण सांगतेय."

तो आवाज एकेका रिकाम्या खुर्चीला शिवून आला. काका खाली मान घालून म्हणाले, "ऐकलं, मालकीणबाई."

मीही ऐकले. पण मित्रांनो, माईकचे काम ऐकणे नाही, पोचवणे आहे.

मावशींचे यंत्र चालते आहे की थांबले, मला कपाटात कळायला मार्ग नाही. मला पुसले नाही तरी चालेल. पण माझ्यासारखा कोणी हाती आला, तर आधी आपले बोला, मगच पुढे द्या. आणि उद्या तुम्ही व्यासपीठावर बसलात, तर मला आधी शेवटच्या रांगेत पाठवा. तिथे कोणीतरी अजून हात वर करून बसले असेल.