बाईंनी सांगितलेला शेवट

शरणम्मा वरच्या मजल्यावर आल्या होत्या ते शेंगांची चटणी द्यायला. शकुंतलाबाईंच्या टीव्हीवर एक पोरगी रडत रडत “अप्पा, अप्पा” म्हणत एका म्हाताऱ्यामागं धावत होती. शरणम्मा दारातच थबकल्या. त्या अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड, बाहेर मराठी. बापाला अप्पाच म्हणायच्या.

“कन्नड सिनेमा लावलाय व्हय, बाई?”

“कन्नड कुठला, कोरियन आहे,” करमाळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या शकुंतलाबाई हसल्या. “तेही बापाला अप्पाच म्हणतात.”

कुठलं कोरिया, कुठलं अक्कलकोट. शरणम्मा चटणीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या त्या सिनेमा संपल्यावरच उठल्या.

त्या दिवसापासून दुपारची जेवणं उरकली की जुळे सोलापूर या उपनगरातल्या त्या घरात दोघींचा सिनेमा सुरू व्हायचा. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं पळायची, शकुंतलाबाई ती वाचून मराठीत सांगायच्या, आणि शरणम्मा माणसांची तोंडं बघत ऐकायच्या. महिना-दोन महिन्यांत शरणम्मांची मतं तयार झाली. दिग्दर्शकांची नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. एक सूडवाला. “ह्याला कॅमेरा चांगला धरता येतोय, पण रक्त लई सांडतोय. मारायचं तर मार बाबा, इतकं सजवून कशाला?” एक जेवणवाला. त्याची माणसं नुसती खायची, प्यायची आणि बोलायची. शकुंतलाबाईंना तो कंटाळवाणा वाटायचा, शरणम्मांना फार आवडायचा. “आपल्याकडं पण भांडण ताटावरच निघतंय की,” त्या म्हणायच्या. एकाच प्रसंगात हसवून लगेच पोटात गोळा आणणारा तिसरा एक होता. त्याचं त्यांना राहून राहून नवल वाटायचं. हा माणूस घरी कसा वागत असेल? बायकोशी बोलत असेल का?

मग एक सिनेमा आला. समुद्राकाठचं गाव, होड्या दुरुस्त करणारा म्हातारा, आणि बऱ्याच वर्षांनी एका जेवणापुरता घरी आलेला त्याचा मुलगा. शेवटी मुलगा दारात बूट घालता घालता काहीतरी बोलतो आणि निघून जातो.

“काय म्हणाला?”

“सणाला येतो म्हणाला,” शकुंतलाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

शरणम्मा मात्र पडद्याकडं बघत राहिल्या. म्हाताऱ्यानं मुलाची वाटी धुतली, पुसली आणि फळीवर पार मागं, हात पुरणार नाही अशी सरकवली. सणाला येणाऱ्याची वाटी असं कोण ठेवतं? चार दिवस त्यांच्या डोक्यातून ती वाटी जाईना. भाकरी थापतानाही तेच. म्हाताऱ्याला पोरगं खोटं बोलतंय असं कळलं असेल का? की दिग्दर्शकाचंच चुकलं?

पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात फिल्म क्लबनं नेमका तोच सिनेमा लावला. नंतर चर्चाही होती. शकुंतलाबाई म्हणाल्या, “गुडघा दुखतोय, राहू दे. आपण बघितलाय की.” पण शरणम्मांनी रिक्षा बोलावली, तेव्हा त्याही मुकाट्यानं येऊन बसल्या.

सिनेमा संपला. क्लब चालवणारा हृषीकेश दिग्दर्शकाच्या अलिप्तपणाबद्दल बोलला, तो पात्रांवर दया दाखवत नाही, म्हणाला. मग प्रश्न विचारा म्हणाला. शरणम्मा उठल्या.

“मला इंग्रजी वाचाय येत न्हाय. त्या म्हाताऱ्यानं वाटी तितं मागं का ठेवली?”

“छान विचारलंत, मावशी. मुलगा जाताना म्हणतो ना, आता तुम्ही गेलात तरी मला कुणी कळवू नये. त्यानंतर म्हातारा ती वाटी मागं सारतो.”

शरणम्मा खाली बसल्या. शेजारी शकुंतलाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

परतीच्या रिक्षात शकुंतलाबाईंनीच आधी तोंड उघडलं. “तुमचा राजशेखर हैदराबादला गेल्यापासून येत नाही. त्याच्या लग्नावरून घरात भांडण झालं ते तुम्हीच सांगितलं होतंत. ते वाक्य वाचलं आणि माझ्या तोंडून निघेना. तुम्हाला लागेल असं वाटलं.”

“लागलं असतंच की,” शरणम्मा म्हणाल्या. रागावल्यात का, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. बाईंनी माया केली होती, आणि त्या मायेनं सिनेमा अर्धा करून टाकला होता. “पर बाई, त्या माणसानं एवढा खटाटोप केला तो त्या एका वाक्यासाठी. तेच तुमी गाळलं. मग मी बघितलं काय? उद्या परत लावा. आता सगळं सांगा.”

दुसऱ्या दिवशी शकुंतलाबाईंनी सगळं सांगितलं. शिव्यासुद्धा सांगितल्या. ते वाक्य आलं तेव्हाही थांबल्या नाहीत. शरणम्मांनी डोळे पुसले आणि नाक ओढत म्हणाल्या, “त्या क्लबवाल्या पोरानं सांगितलेलं खरं न्हाय. दिग्दर्शक दया दाखवत न्हाय म्हणतात, मला पटत न्हाय. दया नसती तर पोरगं बूट घालाय एवढा वेळ लावलं असतं काय? बापानं काय तरी बोलावं म्हणून थांबलंय ते. आणि बाप गप.”

“मला तसं नाही वाटत,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “नवे बूट आहेत, पायात जात नाहीत.”

त्यावर दोघींचं अर्धा तास जुंपलं. दोघीही हटल्या नाहीत.

खाली आल्यावर शरणम्मांनी फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. राजशेखरनं उचलला तेव्हा तो दचकलेला होता. घरात कुणाला काही झालं का, हेच त्यानं आधी विचारलं.

“काय झालं न्हाय. ऊटा आयता?” जेवलास का, हे त्या कन्नडमध्येच विचारायच्या. पलीकडून नुसतं “हो” आलं. तेव्हा त्याच पुढं म्हणाल्या, “एक कोरियन सिनेमा बघितला. त्यातला पोरगा बूट घालाय लई वेळ लावतो. का लावत असेल, तुला काय वाटतं?”

“तू कोरियन सिनेमे बघतेस?” राजशेखर म्हणाला. त्याच्या आवाजात एकदम कुतूहल आलं. “कुठला? आधी पहिल्यापासून सांग बघू.”

शरणम्मा पलंगावर नीट मांडी घालून बसल्या आणि समुद्राकाठच्या त्या गावापासून सांगायला लागल्या.