बंद खिडकी

सिग्नल लाल झाला तशी त्याने बस उभी केली, इंजिन चालूच ठेवून दोनदा रेस दिली आणि सवयीने मान वर केली. समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरची त्याच्या घराची खिडकी बंद होती.

त्याला बरं वाटलं.

"ऐकलं म्हणायचं एकदाचं आमच्या बाईसाहेबांनी," तो कंडक्टरला म्हणाला.

कंडक्टरला डेपोत सगळे भोंगा म्हणत. त्याने हळू बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. "तुमचं कशाला ऐकतील त्या? डॉक्टरांचं ऐकलं असेल!" तो मागून ओरडला. दोघे हसले. दिवा हिरवा झाला.

पुढच्या थांब्यावर भोंग्याचा फोन वाजला. ड्यूटीवर ड्रायव्हरचा फोन पिशवीत बंद असायचा, म्हणून निरोप भोंग्याकडेच येत. फोन ठेवून तो पुढे आला आणि स्टिअरिंगपाशी वाकून काहीतरी म्हणाला. इतक्या हळू, की त्याला दोनदा "काय?" विचारावं लागलं.

खिडकी तिने लावलीच नव्हती. समोरच्या काकू डबा परत द्यायला गेल्या, तर ती शिलाई मशीनवर डोकं टेकून बसलेली. काकूंनी फोन लावला, पण खालच्या हॉर्नमध्ये काही ऐकू येईना. मग त्यांनी खिडकी लावून घेतली.

तिचा खोकला दोन हिवाळे मुरलेला होता. छातीचा फोटो उजेडाला धरून डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात सिगारेट कोण ओढतं?"

"कोणीच नाही."

"मग घर कुठे आहे तुमचं?"

"चौकाच्या उरावर," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. हसताना उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, जमलं तर घर बदला, नाही तर निदान रस्त्याकडची खिडकी बंद ठेवा. घर बदलणं जमण्यासारखं नव्हतं. खिडकी तो रोज सकाळी निघताना लावायचा आणि पहिल्याच फेरीला खालून बघायचा, तर उघडी. यावरून भांडणंही झाली. तिचं आपलं एकच, मशीनवर उजेड लागतो. काचेतून उजेड येतच होता. पण तिच्यापुढे तोंड चालवण्यात अर्थ नसायचा. शिवायला घेतलेले पांढरे शर्ट ती जुन्या चादरीखाली झाकून ठेवी, तरी घडीवर करडी रेघ उमटायचीच. मग रात्री ते धुवायचे, सकाळी इस्त्री. खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवून ती काळं बोट त्याच्या नाकासमोर धरायची.

"बघा. तुमच्या आधी तुमचं इंजिन घरी येतं."

आता, ती गेल्यावर, तो कट्टा सासरहून आलेली लेक पुसत होती. तिसऱ्यांदा फडकं पिळलं, तरी पाणी काळंच निघालं.

"बाबा, तुम्ही माझ्याकडे चला."

"तुझ्याकडे मी करू काय?"

"इथे काय करताय? नुसत्या येरझारा घालताय. एका जागी बसा तरी."

तो बसला. खुर्ची कपड्यांनी भरलेली होती, म्हणून मशीनपुढच्याच स्टुलावर बसला. जरा वेळाने मशीनचं चाक फिरलं. सुईखाली कापड नव्हतं. लेकीने वळून बघितलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की पाय खालच्या पायडलवर आहे. त्याने पाय काढून घेतला आणि परत उठला.

"तुम्हालाही खोकला आहे," लेक म्हणाली. "रात्री ऐकते मी."

"तो आपला असाच."

"आईही असंच म्हणायची."

संध्याकाळी समोरच्या काकू चहाची किटली घेऊन आल्या. खालचा चौक तुंबला होता, खोलीत डिझेलचा वास भरला होता. लेक उठून खिडकी लावायला गेली, तर काकू म्हणाल्या, "ती असती तर लावू दिली नसती हो तुला."

"हट्टीच होती ती," लेक म्हणाली.

"हट्ट कसला? खालून हे गेले की तिला कळायला हवं. दोनदा घरघर झाली की मान वर करून म्हणायची, 'आले.' दिवा सुटला की, 'गेले.' शेवटच्या फेरीला मशीन सोडून उठायची, भाजी चिरायला घ्यायची. गप्पा अर्ध्यावर टाकून. मला तर रागच यायचा."

त्याने कप खाली ठेवला. चौक तुंबला की तो तासभर उशिरा यायचा, कधी त्याहूनही जास्त. तरी दारातून आत पाऊल टाकावं तर चहा कपात ओतलेला, वाफ निघतेय. इतक्या वर्षांत त्याने एकदाही विचारलं नव्हतं, हे जमतं कसं.

"काकू, गाडी रोज वेगळी मिळते मला," तो म्हणाला. "आवाज वेगळा. कळणार कसं?"

"मीही तेच म्हटलं तिला. तर म्हणते कशी, गाडी कुठली का असेना, पाय त्यांचाच असतो."

त्याने दोन्ही पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

जुन्या गाड्या सिग्नलला बंद पडत. पुन्हा चालू व्हायला रुसत, मागचे लोक आईबाप काढत. म्हणून उभ्या गाडीला दोनदा रेस द्यायची खोड त्याला लागली. गाड्या नव्या आल्या, खोड राहिली. रेस दिली की मागून काळा लोट निघतो, हे आरशात रोज दिसायचं. वर जाताना मात्र त्याने कधी पाहिला नव्हता. वर बघायचा तेव्हा तो खिडकीच बघायचा.

लेक निघाली तेव्हा दारात उभी राहून म्हणाली, "येत नाही ना? मग निदान ही खिडकी लावून ठेवा. शब्द द्या मला."

"दिला."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून?"

"अगं दिला म्हटलं ना. तुझी गाडी चुकेल."

रजा संपल्यावर तो पहिल्या पाळीला गेला. गाडी नवीच मिळाली होती. भोंग्याने काही विचारलं नाही, फक्त त्याची पाण्याची बाटली भरून आणून जागेवर ठेवली. चौकात सिग्नल लाल झाला. त्याचा पाय उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला. मग त्याने हात पुढे करून चावी फिरवली.

गाडी एकदम गप्प झाली. उतारूंनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या.

"काय झालं दादा? बंद पडली?" भोंगा ओरडला.

"नाही. मी बंद केली."

"का?"

मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला. स्टिअरिंगवरून त्याने मान वर केली. तिसऱ्या मजल्यावर पडदा बाहेर येऊन हलत होता. सकाळी निघताना त्याने खिडकीच्या दोन्ही फळ्या धरल्या होत्या, थोडा वेळ तसाच उभा राहिला होता आणि मग तशाच सोडून जिना उतरला होता. रजेतही रोज तेच झालं होतं.

दिवा हिरवा झाला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

खिडकी लावायची अजून राहिली आहे.